दारीं झुलणारा हत्ती : जुन्या आलिशान मोटारीचा खर्च

दारीं हत्ती झुलणें हें एके काळीं वैभवाचें लक्षण मानलें जात असे. हत्ती कोणी नजराणा म्हणून दिला, तर तो घेण्यास पैसा लागत नसे. पैसा लागे तो त्याच्या चाऱ्यास, माहुतास आणि आजारपणास. हत्तींचे दिवस संपले. परंतु हा हिशेब मात्र संपलेला नाहीं. आज तो जुन्या आलिशान मोटारीच्या रूपानें मध्यमवर्गीय कुटुंबांच्या दारांत पुन्हां उभा राहिला आहे. नवी असतां जी मोटार चाळीस-पन्नास लाखांस विकली गेली, तीच बारा-पंधरा वर्षांनीं सहा-सात लाखांत, म्हणजे एका नव्या लहान मोटारीच्या किंमतींत मिळूं लागते. बैठकी कातड्याच्या, चाल लोण्यासारखी मऊ, आणि नाकावर जगप्रसिद्ध बोधचिन्ह! मग मोह कोणास होणार नाहीं? पण या मोहाची पुरी किंमत किती, हें विकत घेण्यापूर्वींच मोजून पाहणें शहाणपणाचें.

पालघर आणि बोईसर-तारापूर या भागांत हा प्रश्न विशेष जिव्हाळ्याचा आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणें जिल्ह्यापासून वेगळा होऊन पालघर जिल्हा अस्तित्वांत आला. तारापूरचें अणुविद्युत् केंद्र १९६९ पासून वीज देत आहे, आणि त्याच्या शेजारीं रसायनें, कापड व पोलाद यांच्या कारखान्यांची मोठी औद्योगिक वसाहत उभी आहे. चर्चगेटपासून पालघर स्थानक ९१ किलोमीटरवर आणि बोईसर १०३ किलोमीटरवर. उपनगरी गाडी २०१३ पासून डहाणूपर्यंत धांवूं लागली, तरी ज्याला कुटुंबासह मुंबईस अगर गुजराथेंत जावयाचें असतें, त्याचा ओढा मनोरच्या बाजूनें अहमदाबाद महामार्गाकडेच असतो. कारखान्यांतील अधिकारी, लहानमोठे उद्योजक, चिकूच्या वाड्यांचे बागाईतदार अशा अनेकांच्या मनांत त्या रस्त्यावर एक भक्कम, ऐसपैस मोटार असावी अशी इच्छा येते; आणि ती अगदींच गैरवाजवी आहे असें नाहीं.

अशा मोटारी जुन्या बाजारांत इतक्या सुलभ कां झाल्या, याचें कारण सरळ आहे. मर्सिडीझ-बेंझ कंपनीनें १९९४ सालीं भारतांत कारभार सुरू केला व १९९५ सालीं पुण्याजवळ पिंपरी येथें ई-वर्गाच्या मोटारी जुळविण्यास आरंभ केला. २००७ च्या सुमारास बीएमडब्ल्यूनें चेन्नईजवळ आणि ऑडीनें औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरांत, हेंच केलें. तेव्हांपासून या मोटारींची संख्या वाढली, आणि त्या काळच्या मोटारी आतां तिसऱ्या-चौथ्या मालकाच्या शोधांत आहेत. त्यांत दिल्लीची भर पडली. २०१५ सालीं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें आणि २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें दिल्ली परिसरांत दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल मोटारींस मज्जाव केला. २०२५ सालीं त्या बंदींत कांहींशी शिथिलता आली. परंतु दरम्यानच्या वर्षांत तिकडच्या किती तरी मोटारी पडत्या भावानें इतर प्रांतांत गेल्या.

या सर्व व्यवहाराचें मर्म एका वाक्यांत सांगतां येतें: मोटारीची किंमत उतरते, पण तिच्या सुट्या भागांची उतरत नाहीं. पन्नास लाखांची मोटार सात लाखांस मिळाली म्हणजे ती सात लाखांची मोटार झाली, असें घेणाऱ्यास वाटतें. वस्तुतः तिचा दिवा, तिचा पंप, तिचा गिअरबॉक्स हे सर्व अद्यापि पन्नास लाखांच्याच मोटारीचे असतात. त्यांची रचना, त्यांचा दर्जा आणि त्यांचा दर त्या मूळ किंमतीशीं निगडित असतो. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, ही म्हण जणूं या व्यवहारासाठींच निघाली असावी.

आतां या मोटारींचीं दुखणीं पाहूं जातां प्रथम क्रमांक लागतो तो हवेच्या सस्पेन्शनचा. मोठ्या मोटारींतून लोखंडी स्प्रिंगऐवजीं रबराच्या पिशव्यांत हवा भरून गाडी तोलून धरण्याची सोय असते. दहा-बारा वर्षांत त्या रबरास बारीक चिरा पडतात व हवा झिरपूं लागते. सकाळीं मोटार एका कोपऱ्यावर बसलेली दिसली कीं रोग ओळखावा. पुष्कळ मालक त्याकडे दुर्लक्ष करितात, कारण यंत्र सुरू होतांच कॉम्प्रेसर हवा भरून मोटार पुन्हां उभी करतो. पण गळकी पिशवी सतत भरून काढतां काढतां तो कॉम्प्रेसरच जळतो, आणि एका पिशवीचा खर्च दोन दुखण्यांचा होतो. अवजड मालमोटारींनीं उखडलेले औद्योगिक वसाहतीचे रस्ते या नाजूक व्यवस्थेस मुळींच मानवत नाहींत.

दुसरें दुखणें गिअरबॉक्सचें. स्वयंचलित गिअरबॉक्सचें तेल जन्मभर बदलावें लागत नाहीं, असें अनेक कंपन्यांनीं एके काळीं सांगितलें. तेथें ‘जन्म’ म्हणजे कोणाचा, हें मात्र स्पष्ट केलेलें नव्हतें. मर्सिडीझच्या एका सुप्रसिद्ध पांच गतींच्या गिअरबॉक्सांत विजेच्या जोडणीचें लहानसें प्लॅस्टिकचें बूच झिजतें, आणि तेल तारांच्या आंतून चढत थेट नियंत्रक यंत्रापर्यंत पोहोंचतें. बूच अल्प किंमतीचें. त्याकडे दुर्लक्ष केल्याचा दंड मात्र मोठा. ऑडीच्या कांहीं मोटारींतील ‘मल्टिट्रॉनिक’ पद्धतीचा गिअरबॉक्सहि वय झाल्यावर खर्चिक म्हणूनच ओळखला जातो.

इंजिनाविषयीं म्हणावयाचें तर या मोटारींचीं इंजिनें मुळांत दणकट असतात. दगा देतात तीं त्यांच्या भोंवतालचीं उपकरणें. थंड पाण्याची टाकी, तिच्या नळ्या व जोड हे प्लॅस्टिकचे असून वर्षानुवर्षांच्या उष्णतेनें ते ठिसूळ होतात. एखादा जोड महामार्गावर तुटला आणि चालकानें कांट्याकडे न पाहतां मोटार तशीच दामटली, तर इंजिनाचें डोकें वांकतें. बीएमडब्ल्यूच्या २००७ ते २०११ च्या दरम्यानच्या लहान डिझेल इंजिनांत टायमिंगची साखळी झिजण्याची तक्रार जगभर झाली. ती साखळी इंजिनाच्या मागील बाजूस असल्यामुळें तिच्यापर्यंत पोहोंचण्यासाठीं बहुधा इंजिनच उतरवावें लागतें. मर्सिडीझच्या डिझेल इंजिनांत इंजेक्टरखालचें वायसर गळूं लागलें कीं भोंवतीं डांबरासारखा काळा थर सांचतो. तो वेळींच काढला नाहीं तर इंजेक्टर बाहेर काढणेंहि दुरापास्त होतें.

खर्चाहूनहि गंभीर बाब ब्रेकांची. २००२ पासून विकल्या गेलेल्या मर्सिडीझच्या ई-वर्गांत विद्युत्-नियंत्रित ब्रेकांची एक नवी पद्धत बसविण्यांत आली होती. २००४ व २००५ सालीं अशा लाखों मोटारी दुरुस्तीसाठीं परत बोलवाव्या लागल्या, आणि २००६ मध्यें कंपनीनें ई-वर्गांत ती पद्धतच सोडून दिली. तिच्यांतील पंप ब्रेक किती वेळां दाबला गेला याची मोजदाद ठेवतो आणि ठराविक आंकडा गांठल्यावर धोक्याची सूचना देतो. ही सूचना देणारा दिवा विक्रीपूर्वीं कोणी गुपचूप बंद केला असेल, तर घेणाराच्या कुटुंबाचा जीव धोक्यांत येतो. म्हणून अशा मोटारींत किंमत ठरविण्यापूर्वीं ब्रेकांची तपासणी व्हावयास हवी.

येथवरचीं दुखणीं कोणत्याहि गांवीं सारखींच. पालघर-बोईसरच्या हवेनें त्यांत आपली भर घातली आहे. एका बाजूस सातपाटी, केळवें, चिंचणी, तारापूर अशी समुद्राची पट्टी. खारा वारा तेथून आंत येतो. दुसऱ्या बाजूस रासायनिक कारखान्यांची वाफ. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या पाहणींत तारापूर वसाहतीचा प्रदूषण-निर्देशांक ९३.६९ भरला व देशांत तो सर्वांत वरचा ठरला. मीठ आणि आम्ल हे दोन्ही लोखंडाचे वैरी. त्यांना चार महिन्यांच्या मुसळधार पावसाची साथ मिळाली म्हणजे गंजाचें काम झपाट्यानें होतें. १९९० नंतरच्या दशकांत निघालेली मर्सिडीझची वाटोळ्या दिव्यांची ई-वर्ग मोटार या बाबतींत जगभर बदनाम आहे. तिच्या पुढील स्प्रिंगची बैठक आंतल्या आंत गंजून एकाएकीं तुटल्याचीं उदाहरणें आहेत. वरून रंग चकचकीत, आणि खालीं पत्रा पापडासारखा! म्हणून या भागांतील मोटार रॅम्पवर चढवून, खालून पाहिल्यावांचून घेऊं नये.

पावसाचें पाणी आणखी एका वाटेनें शिरतें. छताच्या उघडत्या कांचेभोंवतीं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. मोटार झाडाखालीं उभी राहिली कीं पालापाचोळ्यानें त्या बुजतात, आणि पाणी गालिच्याखालीं उतरतें. दुर्दैवानें अनेक मोटारींत विजेचे नियंत्रक तेथें, नाहीं तर डिकीच्या तळाशीं बसविलेले असतात. मग दिवे आपोआप लागणें, रात्रींत बॅटरी उतरणें, खिडक्या अडकणें असे चमत्कार सुरू होतात व मिस्त्री महिनोन्महिने भलतीकडेच शोध घेत बसतो. त्या नळ्या पावसाळ्यापूर्वीं साफ करून घेण्यास अर्धा तासहि लागत नाहीं. तसेंच तुंबलेल्या पाण्यांतून मोटार घालण्याचें धाडस करूं नये. इंजिनानें हवेबरोबर पाणी ओढलें कीं आंतील दांडे वांकतात, आणि साधारण विम्यांत हें नुकसान बहुधा धरलें जात नाहीं.

इंधन व टायर हे नित्याचे खर्च. मोठें पेट्रोल इंजिन लिटरमागें आठ किलोमीटर धांवलें, असें धरल्यास बोईसरहून मुंबईस जाऊन येण्याच्या दोनशें किलोमीटरांस पंचवीस लिटर लागतात. शंभर रुपये दरानें अडीच हजार रुपये. त्यांतच पेट्रोलांत वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचें धोरण २०२५ पर्यंत देशभर अमलांत आलें. नीति आयोगाच्या २०२१ च्या अहवालांत जुन्या धाटणीच्या मोटारींचा पल्ला त्यामुळें सहा ते सात टक्क्यांनीं घटेल असा अंदाज होता. शिवाय जुनें रबर व गास्केटें या मिश्रणासाठीं घडविलेलीं नसतात, ही गोष्ट वेगळीच. कांहीं मोटारींना हवा गेल्यावरहि चालणारे जाड कडांचे टायर असतात. ते महाग असतात, खड्ड्यांत लौकर फुटतात, आणि त्यांच्या भरंवशावर मोटारींत जादा चाक दिलेलेंच नसतें. टायरच्या कडेवर शेवटीं चार आंकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे व पुढील दोन सालाचे. नक्षी शाबूत दिसली तरी हे आंकडे वाचल्याशिवाय टायर चांगले समजूं नयेत.

विम्याचें गणित तर पुष्कळांस ठाऊकच नसतें. दहा वर्षांहून जुन्या मोटारीस अपघात झाला असतां सर्वसाधारण विम्याच्या कोष्टकाप्रमाणें धातूच्या नव्या भागांच्या किंमतींतून निम्मी रक्कम घसारा म्हणून कापली जाते. रबर, प्लॅस्टिक व बॅटरी यांसहि निम्मेंच मिळतें. ही कपात टाळणारा जादा विमा इतक्या जुन्या मोटारीस सहसा मिळत नाहीं. याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, दुरुस्तीचा खर्च विमा उतरविलेल्या किंमतीच्या पाऊणपट झाला कीं मोटार संपूर्ण नष्ट झाली असें धरलें जातें. विम्याची किंमत सात लाख, पण दिवे, बंपर, हवेच्या उशा व रेडिएटर यांचे दर पन्नास लाखांच्या मोटारीचे. अशा स्थितींत मध्यम धडकेनेंहि मोटार भंगारांत जाण्याची पाळी येते. झिजेनें होणारा बिघाड तर कोणत्याच साधारण विम्यांत बसत नाहीं. दीड हजार घनसेंटिमीटरांवरील मोटारीचा केवळ तृतीय पक्षाचा सक्तीचा विमा २०२२ च्या दराप्रमाणें वार्षिक ७,८९७ रुपये होता. त्यावर कर निराळा.

कायद्याची बाजूहि पाहिली पाहिजे. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षें चालते व पुढें तपासणी करून पांच-पांच वर्षांसाठीं वाढवून घ्यावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाचें शुल्क देशी मोटारीस ५,००० रुपये आणि परदेशांतून तयार आणलेल्या मोटारीस ४०,००० रुपये झालें. २०२५ सालीं वीस वर्षांवरील मोटारींस तें आणखी दुप्पट करण्यांत आलें. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. परप्रांतांतून मोटार आणल्यास तेथील कार्यालयाचें ना-हरकत प्रमाणपत्र मिळवून बारा महिन्यांच्या आंत येथें नवी नोंदणी करावी लागते व महाराष्ट्राचा करहि भरावा लागतो. मालकीबदलाची नोंद विकणाऱ्यानें व घेणाऱ्यानें मुदतींत करणें आवश्यक आहे. नोंद न झाल्यास अपघाताची भरपाई देण्याची जबाबदारी कागदोपत्रीं असलेल्या मालकावरच राहते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं दिला आहे. कर्जाचा बोजा उतरला आहे कीं नाहीं, हेंहि नोंदणी-पुस्तकांत पाहून घ्यावें.

आतां एक उदाहरण घेऊं. समजा, बोईसरच्या एका कुटुंबापुढें दोन पर्याय आहेत: आठ लाखांची नवी लहान मोटार, किंवा सात लाखांची बारा वर्षांची आलिशान मोटार. वर्षाला दहा हजार किलोमीटर धांव धरूं. विमा-कोष्टकाप्रमाणें नवी मोटार पांच वर्षांत निम्म्या किंमतीवर येते. म्हणजे वर्षाला ८०,००० रुपयांची घट. लिटरला सोळा किलोमीटरप्रमाणें तिचें पेट्रोल ६२,५०० रुपयांचें. जुन्या मोटारीचें पेट्रोल लिटरला आठप्रमाणें १,२५,००० रुपयांचें. पांच वर्षांनीं, नोंदणीची मुदत सरल्यावर, ती दोन लाखांस गेली तर तिचीहि घट वर्षाला एक लाख. येथवरच १,४२,५०० रुपयांच्या जागीं २,२५,००० रुपये झाले, आणि दुरुस्तीचा एक रुपयाहि अद्यापि धरलेला नाहीं. ‘घसारा पहिल्या मालकानें सोसला, आतां आपला फायदा,’ हा युक्तिवाद कानास गोड लागतो. परंतु आंकड्यांपुढें तो टिकत नाहीं.

मग अशी मोटार कोणी घेऊंच नये काय? तसें म्हणणें एकांगी होईल. भक्कम बांधणी, वेगांत न डगमगणारी चाल आणि लांबच्या प्रवासांतील विसावा हे या मोटारींचे गुण खरे आहेत. ज्याच्या घरीं नित्याच्या कामास दुसरें वाहन आहे, ज्याला यंत्राची आवड आहे, आणि जो मोटारीच्या किंमतीच्या निदान एक-तृतीयांश रक्कम दुरुस्तीसाठीं आधींच बाजूस काढून ठेवूं शकतो, त्यानें ती अवश्य घ्यावी. ज्याला मोटारीसाठींच कर्ज काढावें लागत आहे, त्यानें मात्र या वाटेस जाऊं नये. मुलांच्या शिक्षणाचा किंवा वडीलधाऱ्यांच्या औषधपाण्याचा पैसा एका गिअरबॉक्सांत गेला, तर त्या मोटारींत बसण्याचें सुख कोणासच लाभत नाहीं.

घेतांना काय पाहावें, हेंहि थोडक्यांत सांगण्यासारखें आहे. मोटार रात्रभर उभी ठेवून सकाळीं तिची उंची चारी कोपऱ्यांस पाहावी. इंजिन थंड असतांना स्वतः समोर उभें राहून सुरू करवावें; विक्रेता तें आधींच तापवून ठेवीत असेल, तर त्याचें कारण विचारावें. दिवे, खिडक्या, वातानुकूलन यांतील प्रत्येक कळ दाबून पाहावी. त्या बनावटीची माहिती असलेल्या मिस्त्रीकडून स्कॅनर लावून सांठलेले दोष वाचून घ्यावे. ते नुकतेच पुसून टाकलेले दिसले, तर ती शंकेचीच जागा. गालिचे उचलून ओल पाहावी. मीटरवरील आंकड्यावर न विसंबतां दुरुस्तीचीं जुनीं बिलें मागावीं. जाड बिलबुक असलेली महाग मोटार ही बिलें नसलेल्या स्वस्त मोटारीपेक्षां पुष्कळदां स्वस्त पडते. अधिकृत कार्यशाळा मुंबई, ठाणें अशा मोठ्या शहरांत असल्यामुळें बंद पडलेली मोटार वाहून नेण्याचा खर्चहि हिशेबांत धरावा, आणि स्थानिक गॅरेजांपैकीं या बनावटीवर हात बसलेला मिस्त्री कोण, हें मोटार घेण्यापूर्वींच शोधून ठेवावें.

शेवटीं, मोटार केव्हां सोडावी हेंहि ठरलेलें असावें. गेल्या खेपेस एवढे घातले, आतां सोडून कसें चालेल, या विचारानेंच माणूस खोल जातो. एका दुरुस्तीचा अंदाज मोटारीच्या चालू किंमतीच्या निम्म्यावर गेला कीं तेथें थांबावें. अशी मोटार रस्त्याच्या कडेस गंजत ठेवणें किंवा नोंदणी रद्द न करतां भंगारवाल्यास देणें हें दोन्ही अयोग्य. २०२१ च्या नियमांप्रमाणें नोंदणीकृत केंद्रांत मोटार मोडींत काढतां येते. तेथील प्रमाणपत्रावर नवी खाजगी मोटार घेतांना करांत पंचवीस टक्क्यांपर्यंत सूट देण्याची तरतूद आहे. ज्या घरानें हा सारा हिशेब आधीं कागदावर मांडला, त्या घरास जुनी मोटारहि आनंद देईल. आणि ज्यानें तो मांडून मोटार न घेण्याचें ठरविलें, त्याचा लाभ तर त्याच दिवशीं पदरांत पडेल.